मानस कोणाच्या हातात? पडीक खाजन परत लागवडीखाली आणायचं आहे, अनुभव सांगा

पोंयकाठ

गोव्यात तिसवाडीत मांडवीच्या काठाला आमचा गाव, नाव मुद्दामच देत नाही. बारा घरांचं मिळून खाजन आहे, त्यात आमची वाटणी थोडकीच, पण लहानपणापासून पेज त्याच भाताची जेवलो. तीन वर्षं झाली नांगर लागलेला नाही. पावसात पाणी भरतं, दिवाळीनंतर जमिनीवर पांढरा थर धरतो आणि आता मधोमध खारफुटीची रोपं कंबरेएवढी झालीत. परवा बाबा बांधावर जाऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते, काही न बोलता घरी आले. आम्ही पाच जण ठरवतोय की येत्या पावसाळ्यात निदान एक तुकडा तरी लावायचाच, म्हणून हा धागा.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. भरतीचं पाणी जिथे पसरायचं ती सखल जमीन चिखल आणि चिऱ्यांचा बांध घालून नदीकडून मिळवलेली, ते खाजन. बांधाला एक दार असतं ती मानस. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब पडतो आणि दार उघडतं, भरतीला बाहेरचं पाणी दाबतं आणि ते आपलं आपण मिटतं. वीज लागत नाही की मोटर लागत नाही. मानशीच्या आत पोंय, म्हणजे पाणी साठायची खोलगट जागा, तिथून शेतात फाटे. गोव्यात अशी जमीन १८,००० हेक्टरच्या आसपास धरतात. आणि हे पोर्तुगीजांनी केलेलं नव्हे हो, बांदिवड्याला सापडलेल्या कोकण मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीचा उल्लेख आहे, म्हणजे दीड हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट.

आता आमचं काय झालं ते. जुनी लाकडी मानस कुजली होती, ती काढून काँक्रीटची बांधली आणि तिला चाक फिरवून वर उचलायचा लोखंडी पत्रा बसवला. दिसायला भक्कम. पण खाऱ्या पाण्यात लोखंड, दोन पावसाळ्यांत गंजून पत्रा अर्ध्यावर अडकला तो अडकलाच. वर मानशीची पावणी, म्हणजे तिथे मासळी धरायच्या हक्काचा लिलाव झालेला, घेणाऱ्याला मासळी हवी, त्याला अर्धं उघडं दार सोयीचंच. कोणी तक्रार केली की हा म्हणतो कॉन्ट्रॅक्टरला विचारा, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो माझं काम संपलं. त्या वर्षी भात फुलोऱ्यात असताना खारं पाणी आत आलं, कणसं उभी राहिली पण सगळी पोचट. पुढच्या वर्षी चार घरांनी पेरलंच नाही, त्याच्या पुढच्या वर्षी कोणीच नाही. बांधाला लागून असलेली आमची विहीरसुद्धा एप्रिलमध्ये खारट लागते आता.

पूर्वी आजोबांचे धाकटे भाऊ मानशीवर असायचे. रात्री दोन वाजता भरती असली तर दोनला उठून कंदील घेऊन जायचे, फळीत काटकी-ओंडका अडकलाय का बघायचे, बांधावरून चालत कुर्ल्यांची बिळं हाताने बुजवायचे. भरतीची वेळ काढायचा त्यांचा हिशोब मला अजून पाठ आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पुनवेला सव्वाअकरा. ते गेले आणि त्यांच्या जागी माणूसच नेमला नाही कोणी. मला मनापासून वाटतं आमचं खाजन त्या दिवशी गेलं, पत्रा अडकायच्या कितीतरी आधी.

प्रश्न असे की सुरुवात कुठून करू? आधी मानस, आधी माती की आधी बियाणं?

पेजेची_आठवण

भाऊ वाचून डोळे भरले. आमचं माहेर सांतइस्तेवच्या बाजूचं, जुवेंच म्हणतो आम्ही. कोरगूट करायची आई, उकडे तांदूळ, तांबूस दाणा, त्याची पेज आणि वर सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर, आंब्याचं लोणचं, दुपारी चारपर्यंत भूक म्हणून लागायची नाही. लग्नानंतर ज्योती तांदूळ खायला लागलो, वाईट नाही पण ती पेज तशी दाट होतच नाही. हल्ली कोरगूट मिळतो पण शंभराच्या वर किलो आणि तोही दरवेळी मिळेलच असं नाही. बियाणं हवं असेल तर माझ्या भावाकडे अजून आहे, तो हट्टाने दरवर्षी दोन कोपरे तरी लावतो. त्याला विचारून सांगते.

माती_आणि_मीठ

मी शेतीचं शिकलोय आणि खाजनाच्या मातीवर थोडं काम केलंय, म्हणून क्रमाने सांगतो. आधी मानस. तिच्याशिवाय माती आणि बियाण्यावर घातलेला पैसा वाया.

कारण असं की भाताला खारेपणा सगळ्यात जास्त दोन वेळी बाधतो, रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात. मधल्या काळात ते बरंच सोसतं. साधारण ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर मातीचा खारेपणा गेला की नेहमीच्या भाताचं उत्पन्न घटायला लागतं, आणि पुढच्या प्रत्येक डेसीसायमनला बारा टक्क्यांच्या आसपास घट. आता गोव्याचा पाऊस बघा, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात. जुलै-ऑगस्टमध्ये मांडवीचं पाणी मुखाकडेसुद्धा बरंच गोडं होतं, तेव्हा मानस थोडी गळली तरी निभावतं. धोका जूनच्या सुरुवातीला आणि मग सप्टेंबर संपता संपता, पाऊस ओसरला की खारं पाणी पुन्हा वर चढतं तेव्हा. म्हणजे नेमकं रोप आणि नेमका फुलोरा. तुमचं भात पोचट गेलं ते याच हिशोबाने. उन्हाळ्यात तर भरतीचा परिणाम मांडवीत पार गांजेपर्यंत, मुखापासून ५० किलोमीटरवर जाणवतो, त्यामुळे तिसवाडीत मार्च ते मे नदीचं पाणी खारंच धरून चाला.

पहिल्या पावसात काय करायचं ते तुमच्या आजोबांना ठाऊक होतं. शेतात पावसाचं पाणी तुंबू द्यायचं, मीठ विरघळलं की ओहोटीला मानशीतून सोडून द्यायचं, असं तीन-चार वेळा. मग मोड आलेलं बी टाकायचं. यात कुठलंच औषध नाही, जिप्समही नाही, फक्त दार वेळेवर उघडणारा आणि मिटणारा माणूस.

आणखी एक धोका आहे, पडीक खाजनात याकडे कोणी बघत नाही. या गाळात खाली गंधकाची खनिजं असतात, पायराइट. पाण्याखाली राहिलं तोवर ते निपचित पडून असतं. जमीन खोलवर सुकली, भेगा पडल्या, हवा आत गेली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि माती इतकी आंबट होते की रोपाची मुळं जळतात. फाट्यातल्या पाण्यावर गंजासारखा तांबूस तवंग दिसतो का बघा. म्हणून उत्साहाने जेसीबी लावून खोल चर खणू नका, तळातला काळा गाळ वर काढून पसरवू नका. वरच्या वर नांगरा.

बियाण्याचं म्हणाल तर कोरगूट खारेपणा चांगला सोसतो पण उंच वाढतो, वाऱ्याने आडवा पडतो आणि हेक्टरी दीड-दोन टनांच्या पुढे सहसा जात नाही. जुन्या गोव्याला एळा इथली जी केंद्र सरकारची किनारी शेती संशोधन संस्था आहे तिने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ हे वाण काढलेत, ते खाऱ्या जमिनीसाठीच आहेत. माझं मत, पहिल्या वर्षी दोन्ही लावा, अर्धं अर्धं. पहिल्या वर्षी पोटापुरतं आलं तरी पुष्कळ.

खाडीपल्याड_पेण

रायगडातून लिहितोय, आमची खारभूमी आणि तुमचं खाजन म्हणजे सख्खी भावंडं. तुमची मानस ती आमची उघाडी, नदीकडचा बांध तो बाहेरकाठा आणि बांध फुटला की आम्ही म्हणतो खांड गेली. आमच्याकडे जोळ नावाची पद्धत होती, बांधाच्या आतले सगळे शेतकरी मिळून एक जोळ, आणि खांड गेली की रात्री हाक पडली तरी प्रत्येक घरातून एक माणूस पेंढा आणि फावडं घेऊन बाहेर. न येणाऱ्याला दंड. आमचे वडील सांगतात की खांड बांधायची ती दोन भरत्यांच्या मधल्या सहा तासांतच, त्यात जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी भोक दुप्पट झालेलं असतं.

मग सरकारने बांध आपल्याकडे घेतले, १९४८ चा मुंबईचा खारजमीन कायदा, पुढे १९७९ चा महाराष्ट्राचा. हेतू चांगलाच होता, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ असे वाणही दिले, ते आम्ही लावतो. पण बांध सरकारी झाला तसा तो गावाचा राहिला नाही. आज खांड गेली तर लोक अर्ज लिहितात. अर्ज मंजूर होऊन माणसं येईपर्यंत पंधरा उधाणं येऊन जातात, तोवर आत मासे पोहत असतात. पोंयकाठ, तुम्ही आजोबांच्या भावाबद्दल लिहिलंत ते वाचून आमच्या गावचा एक म्हातारा आठवला, तंतोतंत असाच.

मानशेकार

मी पावणी घेणाऱ्या घरातला. सगळे आम्हालाच शिव्या घालतात म्हणून लिहितो, राग मानू नका.

पावणीचे पैसे आम्ही रोख भरतो, ते शेतकऱ्यांच्या संघाला जातात आणि त्यातूनच बांधाची डागडुजी व्हायची असते. ते पैसे कुठे जातात ते संघाला विचारा, आम्हाला नको. दुसरं, मानशीवरची मासळी पण अन्नच आहे ना? काळुंद्र, शेवटे, चणक, सुंगटं, कुर्ल्या, गावातली अर्धी घरं यावरच जेवतात. आणि तिसरं बोलतो ते कडू लागेल. शेती आम्ही बंद पाडली नाही. पोरं बोटीवर गेली, दुबईला गेली, मजूर मिळेना, हार्वेस्टर चिखलात रुततो, मग शेतं पडली. शेत पडल्यावर खारं पाणी घेतलं तर कोणाचं नुकसान केलं? माझा बाप भात उभं असताना भरतीला दार कधीच उघडं ठेवायचा नाही, जाळं फक्त ओहोटीला लावायचं, पाणी बाहेर जाताना. आता काही जण भरतीला दाराला दगड लावून ठेवतात हे खरं आहे आणि ते चूकच, मी नाकारत नाही.

पोंयकाठ

मानशेकार दादा, राग कसला, उलट लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं तिसरं म्हणणं मला टोचलं कारण ते खरं आहे. आमच्या बारा घरांतली चार घरं मानस बिघडायच्या आधीच शेतीतून निघाली होती, त्यात माझे सख्खे काका पण आले. आणि मी स्वतः सात वर्षं पुण्याला होतो, त्या काळात बांधावर किती वेळा गेलो ते बोटावर मोजता येईल.

पण एक गोष्ट धरून बोलतो. तुमच्या वडिलांचा नियम हा नियम कशामुळे होता? कारण भात उभं होतं आणि भातवाला दुसऱ्या दिवशी दारात येऊन विचारणार होता. एका शेतात भात असलं आणि अकरा पडीक असली की विचारणारा एकटा पडतो. म्हणून आम्ही संघाकडे मागणी करतोय की पावणीच्या कागदावर स्पष्ट लिहा, मृगापासून कापणी होईपर्यंत मानस भाताच्या हिशोबाने चालेल, जाळं फक्त ओहोटीला, आणि कापणीनंतर मे अखेरपर्यंत मासळीच्या हिशोबाने. उन्हाळ्यात खारं पाणी आत घेतलं की गवत मरतं, गाळ येतो तो खतच, आणि माती_आणि_मीठ म्हणतात तसं जमीन खोल सुकत नाही हा तिसरा फायदा. म्हणजे मासळी आणि भात यांचं भांडण मुळात नव्हतंच, वर्ष वाटून घेतलेलं होतं. केरळात पोक्काळी म्हणून शेती आहे ती याच पद्धतीने, पावसात भात आणि नंतर कोळंबी.

बांधावरचा_कायदा

दोन-तीन गोष्टी कागदाच्या. पूर्वी बांध आणि मानशी कोमुनिदाद म्हणजे गांवकरी, गावची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, बघायची, कामाला भौस म्हणजे कसणाऱ्यांचा गट. कूळ कायदा आला १९६४ ला, आणि मग पाचव्या दुरुस्तीने १९७६ ला कुळं मालक झाली. त्याच्या आदल्या वर्षीच, १९७५ ला, कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम आले आणि बांधांची जबाबदारी शेतकऱ्यांच्या संघांवर आली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचंच झालं, माझ्या आजीला त्यामुळेच जमीन मिळाली, त्यावर मी कधीच वाद घालणार नाही. पण गांवकरीचं लक्ष उडालं आणि बऱ्याच ठिकाणी संघ फक्त पावणीपुरता उरला. तुम्ही संघाची बैठक मागा, सभासद म्हणून हिशोब बघायचा तुमचा हक्क आहे, आणि जे काय ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्या.

खारफुटीचं जपून. रोपं कंबरेएवढी झालीत म्हणता, तर कोयता घेऊन सुटू नका. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि किनारी नियमन वेगळं. आधी लेखी अर्ज, सोबत सातबाऱ्याच्या जागी आपला एक-चौदाचा उतारा आणि आधी पीक घेत होतात याचा पुरावा. जितका उशीर तितकं ते रान वाढतं आणि परवानगी कठीण होते. २०११ च्या सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे, खाजन राखायचं आणि त्यात विकासकामं करायची नाहीत, तिचा आधार अर्जात जरूर घ्या. २०२३ चा शेतजमीन हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदाही आहे, भातशेती बिगरशेतकऱ्याला विकता येऊ नये म्हणून. कायदे पुष्कळ आहेत, पण विकायला बंदी घातली म्हणून कोणी पेरत नाही, हेही खरं.

चिरेबंदी

खारफुटी नदीच्या बाजूला असावी पण, लाटा तीच मोडते. आमच्याकडे खनिजाच्या बार्जी जायच्या तेव्हा त्यांच्या लाटांनी जिथे खारफुटी नव्हती तिथलाच बांध खाल्ला. फक्त बांधाच्या अंगात तिची मुळं शिरू द्यायची नाहीत.

सत्तरीची_लेक

आमच्याकडे खाजन नाही, कुळागर आहे, माडी म्हणजे सुपारी, माड, केळी, मिरी, जायफळ, खाली अननस. पण माणसांचं गणित तेच. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि पाटाला पाळी लावलेली असते, आज तुमची तर उद्या आमची. ज्या वाड्यावर पाट साफ करायला दसऱ्यानंतर सगळे एकत्र जातात तिथली कुळागरं हिरवी आहेत, ज्या वाड्यावर प्रत्येकाने बोअरवेल मारली तिथे पाटही गेला आणि आता झराही आटतोय. गवे आणि माकडांचा त्रास वेगळाच, त्यावर कधीतरी दुसरा धागा काढते.

नवीन_नांगर

एक विचारू का? मी बार्देशातली, आमच्या घरची जमीन नाही. तीन मैत्रिणी मिळून एखादं पडीक खाजन कसायला घ्यायला तयार आहोत. पण कोणी मालक देत नाही, कूळ लागेल म्हणून घाबरतात. गेल्या वर्षी एका काकांनी तोंडी हो म्हटलं, आम्ही बी भिजत घातलं आणि ऐन वेळी नको म्हणाले. ते बी शेवटी कोंबड्यांना घातलं, रडू आलं होतं. लोक म्हणतात तरुण पोरं शेतीत येत नाहीत, आम्ही दारात उभ्या आहोत.

बांधावरचा_कायदा

ताई, भीती १९७६ पासूनची आहे, एका दिवसात जायची नाही. एकट्या मालकाशी बोलण्यापेक्षा संघाच्या बैठकीत जा, मालक शेतकरी राहील आणि तुम्ही त्याच्यासोबत मिळून पीक घ्याल असा लेखी करार वकिलाकडून करून घ्या. तोंडी व्यवहारावर बी भिजत घालू नका.

माती_आणि_मीठ

पोंयकाठ, एक राहिलं. मानशीचा पत्रा दुरुस्त करणार की बदलणार?

पोंयकाठ

बदलणार. काल माशेलच्या एका सुताराला नेलं होतं, सत्तर वर्षांच्या आसपासचा माणूस, त्याने लहानपणी बापाबरोबर मानशीची दारं केलीत. काँक्रीटची चौकट तशीच ठेवून आत लाकडी दार बसतं म्हणतो, आपलं आपण मिटणारं, आणि वर सुट्या फळ्यांची खाच, म्हणजे पाणी किती ठेवायचं ते फळी काढून-घालून ठरवता येईल. खर्च बारा घरांत वाटला तर झेपण्यासारखा आहे. सहा घरांनी हो म्हटलंय, काकांनी पण. आणि मानशेकार दादा, तुमचा मेसेज बघितला, आमच्या मानशीची पावणी ज्याने घेतलीय तो तुमच्या ओळखीचा निघाला हे कळल्यावर बाबा पहिल्यांदा हसले. रविवारी त्याला घेऊन याच.

रात्रीचं बघायला माणूस हवा होता, तेवढ्यासाठी आम्ही पाच जणांनी पाळी लावलीय. माझी पहिली पाळी अमावास्येची, भरती सव्वाअकराला.

पेजेची_आठवण

भावाशी बोलले. कोरगूट दोन कुडव देतो म्हणाला, पैसे नकोत, पुढच्या वर्षी तेवढंच परत द्या म्हणजे झालं. पोतं तुमचं आणा, आणि मे महिन्यात या, पावसाला सुरुवात झाली की तो भेटायचा नाही. नवीन_नांगर, तू पण ये गं, अर्धा कुडव तुझ्यासाठी काढून ठेवायला सांगितलाय.